डोन्बुराको, टुणूक टुणूक

जपानमधल्या ओकायामात येऊन तीन महिने झाले आणि माझी उजवीकडची दाढ दुखायला लागली. पुण्यात जपानी भाषेची एन-फोर ही परीक्षा पास होऊन आले होते, त्यामुळे 'दात दुखतोय' एवढं जपानीत सांगता येत होतं. डेंटिस्टच्या खुर्चीत मी ते अगदी शुद्ध सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि विचारलं, "झुकिझुकि? की कीऽन?"

मी गप्प. मग त्यांनी गालाशी मूठ धरून ती ठोके पडल्यासारखी उघडमीट करून दाखवली. हे झुकिझुकि. नंतर खांदे वर घेऊन, दाताला बर्फ लागल्यासारखा चेहरा केला. हे कीऽन. माझ्या तोंडून थेट मराठीच निघालं, "ठणकतेय हो, ठणकतेय!"

झुकिझुकि म्हणजे ठणका आणि कीऽन म्हणजे सणक. लहानपणी काही दुखतंय म्हटलं की आजीचा प्रश्न ठरलेला असायचा, "दुखतंय म्हणजे कसं? ठणकतंय, चुरचुरतंय, की नुसतं हुळहुळतंय?" आजी आणि हे डॉक्टर एकाच शाळेत शिकलेले असावेत.

जपानी आपल्या लोकांना सोपी जाते असं सगळे म्हणतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, आणि मुळाक्षरांचा का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा संस्कृत वर्णमालेवरून बेतलेला, बौद्ध भिक्खूंबरोबर तिकडे गेलेला. याचं कौतुक पुण्यातल्या क्लासातच करून झालं होतं. पण भाषा अंगाला लागली ती या जोडशब्दांनी. नुसत्या अशाच शब्दांचा एक जपानी कोश आहे, त्यात ४,५०० शब्द आहेत. आपल्याकडे व्याकरणाच्या पुस्तकात 'अनुकरणवाचक' म्हणून यांची अर्ध्या पानात बोळवण होते. मला त्याचा जरा रागच आहे.

एक गंमत तर मला इथे येऊन कळली. कोरोकोरो म्हणजे लहानसं काही घरंगळणं. गोटी, चिंचोका वगैरे. तेच गोरोगोरो म्हटलं की धोंडा गडगडत येतो. सारासारा म्हणजे मऊसूत, झाराझारा म्हणजे खरखरीत. 'क'चा 'ग' झाला, 'स'चा 'झ' झाला की वस्तू जड होते, राकट होते. आणि आपल्याकडे? कुरकुरतो तो नवरा, गुरगुरतो तो कुत्रा. हसणं खळखळून, रडणं घळाघळा. हे मला कुठल्याच बाईंनी शिकवलं नव्हतं, तरी आयुष्यात कधी चुकलं नाही. (गोरोगोरो म्हणजे रविवारी घरात लोळत पडणंही. त्यात मात्र नवरा बसतो.)

अर्थात सगळंच असं जुळत नाही. जूनमधल्या पावसाळ्यात, त्सुयूत, शितोशितो पाऊस पडतो. मी वहीत पुढे 'रिपरिप' लिहिलं आणि नंतर खोडलं. रिपरिपीत चिखल आहे, न वाळलेले कपडे आहेत, वैताग आहे. शितोशितो नुसता हळू, सारखा पडत राहतो, कुणाला काही बोलत नाही. आणि भेंडी! तिला इथे ओकुरा म्हणतात. आईनं जन्मभर भेंडी धुऊन, एकेक पुसून, वर आमसूल टाकून जी बुळबुळ घालवली, तिला इथे नेबानेबा म्हणतात आणि ती हवी म्हणून भेंडी खातात. उकडून, चिरून, तार सुटेल अशी ढवळून, वर सोया सॉस. शेजारच्या काकूंनी वाटी दिली तेव्हा "नेबानेबा!" असं हसत म्हणाल्या. मी ते तक्रार समजून त्यांचं सांत्वन करायला निघाले होते.

पुणेकरांना ओकायामा कोराकुएन बागेमुळे माहीत असतं; सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग तिच्यावरूनच केलेली आहे. पण इथला खरा मानकरी मोमोतारो, पीचमधून जन्मलेला मुलगा. स्टेशनबाहेरच त्याचा पुतळा आहे. आमचा आठवड्याचा जपानीचा वर्ग सत्तरी ओलांडलेल्या एक सेन्सेइ, म्हणजे बाई, घेतात, फुकट. त्यांनी एकदा ती गोष्ट सांगितली. म्हातारी नदीवर धुणं धूत असते आणि भलंमोठं पीच वाहत येतं : डोन्बुराको, डोन्बुराको. सेन्सेइंचा तळहात हवेत बुडत-तरंगत आला.

वर्गातल्या व्हिएतनामी मुलानं वही उघडली. "हा शब्द आणखी कशाला वापरायचा?"

सेन्सेइंनी बराच विचार केला. "पीचला," त्या म्हणाल्या.

मग मी म्हटलं, आमच्याकडेही एक म्हातारी आहे. मोडक्यातोडक्या जपानीत वाघ आणला, कोल्हा आणला, लेकीकडची तूपरोटी 'तुपाची भाकरी' म्हणून निभावली, आणि लठ्ठ झालेल्या म्हातारीला भोपळ्यात बसवून रस्त्याला लावलं. चल रे भोपळ्या, टुणूक टुणूक.

सेन्सेइंनी हात वर केला. एवढा मोठा भोपळा, आत म्हातारी, तर तो गोरोगोरो का जात नाही?

इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली-सांगितली, पण हे कधी मनात आलं नव्हतं. खरंच, गडगडत का जात नाही? "म्हातारी खूश आहे म्हणून," मी सुचेल ते बोलले. सेन्सेइंना ते लगेच पटलं. त्यांनी फळ्यावर लिहायला घेतलं. जपानीत 'ट' नाही आणि 'तु'चा 'त्सु' होतो, त्यामुळे फळ्यावर 'त्सुनुक्कु' उमटलं. टेबलावर बोट नाचवत सगळा वर्ग म्हणायला लागला, त्सुनुक्कु, त्सुनुक्कु.

व्हिएतनामी मुलगा माझ्याकडे वळला. हा शब्द आणखी कशाला वापरतात?

टुणकन उडी मारतात, ते वेगळं. पण टुणूक टुणूक?

"भोपळ्याला," मी म्हटलं.