आबांच्या कानातले रातकिडे

"आबा, सात वाजले."
"हात कशानं भाजले?"

यावर घरात हसून झालं, चिडून झालं. शेवटी परवा त्यांना कान तपासायला घेऊन गेले. मळ असणार, पिचकारी मारली की झालं, अशी माझी खात्री. मळ नव्हताच. पडदा धडधाकट. मग कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून, पडद्याला वळसा घालून आवाज थेट आतल्या कानात पोचवला, तरी ऐकू आलं तितकंच कमी. म्हणजे पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडंही ठीक. (रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची, अख्ख्या अंगातलं सगळ्यात लहान हाड!) बिघाड त्याच्याही आत.

आत म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच वेढ्यांची, पाण्यानं भरलेली नळी. रिकीब तिच्या खिडकीवर थाप देते, पाणी हलतं, ओळीनं बसलेल्या केसपेशींचे केस वाकतात. एका कानात अशा साधारण 15,000 पेशी. टिपेचे आवाज नळीच्या तोंडाशी ओळखले जातात, खर्जातले पार आतल्या टोकाला.

आबांनी इचलकरंजीत तीस वर्षं माग चालवले, जुने, धोट्याचे. खटखट अशी की शेजारच्याशी खुणांनीच बोलायचं. दोरा तुटला, खूण. चहा आला, खूण. कानात सुताचा बोळा, त्यानं कितीसं अडणार! तपासणीच्या आलेखावरची रेघ 1,000 हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं; जितकी जास्त, तितका आवाज टिपेचा) बरी चालली होती आणि 4,000 ला खड्ड्यात पडली. गोंगाटानं गेलेला कान असाच दिसतो म्हणे. बाहेरची अडीच सेंटिमीटरची कानाची नळी 3,000 च्या आसपासचा आवाज आपणच फुगवून आत सोडते, आणि मार बसतो त्याच्या जरा वरच्या पट्ट्याला. मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

तर 'सात'मधला स तिथं गेला. आ, ओ खालच्या पट्टीतले, ते ठणठणीत पोचतात. स, श यांची सळसळ वरची. आम्ही ओरडायचो तेव्हा आ तेवढा मोठा व्हायचा. "वरडू नगं, भैरा हाय व्हय मी?" हे आबांचं म्हणणं निम्मं खरंच होतं.

काल रात्री लाईट गेली. पेठेतले माग एकदम थांबले आणि परसात रातकिडे ऐकू यायला लागले. त्यांची किरकिरही चार-पाच हजार हर्ट्झची, नेमकी त्या खड्ड्यातली. विचारलं, "आबा, रातकिडे ऐकू येतायत?"

"येतायत की," म्हणाले. "दुपारीबी येतात."