अकोल्याच्या मे महिन्यातलं गार पिल्लू

मे महिन्यात अकोल्यात दवाखान्यात येणारं जनावर बहुतेक वेळा तापलेलंच असतं. बंद गाडीत राहिलेला कुत्रा, टिनाच्या शेडखाली दुपारभर बांधलेली बकरी, गच्चीवर पडलेलं कबुतर. थर्मामीटर लावायच्या आधी हातालाच कळतं. त्या दुपारी बाहेर ४४ अंश होते आणि आजींनी टोपलीतून काढून माझ्या तळहातावर ठेवलेलं मांजरीचं काळं पिल्लू गार लागलं. मी दुसरा हात लावून पुन्हा पाहिलं. तापमान घेतलं तर ३४.६. त्या वयाच्या पिल्लाचं ३८ च्या आसपास हवं.

"सकाळपासून उठूनच नाही राह्यलं माय," आजी म्हणाल्या. "आधी पानी पाजा त्याले. एक बी पिल्लू पान्याले तोंडच लावून नाही राह्यलं."

सोबत बारा-तेरा वर्षांचा नातू होता. त्याच्या हातात पाण्याने भरलेली सिरिंज तयारच होती, सुई काढलेली. मी थर्मामीटर पुसेपर्यंत त्याने पिल्लाला उताणं करून सिरिंज तोंडाशी नेलीसुद्धा. मी त्याचं मनगट धरलं.

"दादा, थांब. आत्ता पाणी नको."

आजींनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. उन्हातून आलेल्या माणसासमोर आधी गूळ-पाणी ठेवणारं आमचं वऱ्हाड. तहानेने निपचित पडलेल्या जिवाला डॉक्टरीणच पाणी नाकारते आहे, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. पण पिल्लाचं शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याचं आतडं जवळजवळ थांबतं. पोटात गेलेलं दूध किंवा पाणी पुढे सरकत नाही, तिथेच साचून राहतं. गिळण्याची ताकदही गेलेली असते. त्यात पिल्लू उताणं धरलेलं असेल तर सिरिंजमधलं पाणी श्वासनलिकेत उतरतं, आणि तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला न्यूमोनिया व्हायला तेवढं पुरतं. आधी ऊब, मग शिरेतून सलाईन, आणि तोंडाने काय द्यायचं ते त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की पिल्लू हातचं जातं.

टोपलीत आणखी तीन होती. एक तिरंगी, दोन पिवळ्या पट्ट्यांची. ती सुस्त होती, पण मान वर करून ओरडत होती. दाढा नुकत्या फुटत होत्या, डोळे अजून निळे होते, म्हणजे वय पाच आठवड्यांच्या जवळपास. या वयाला वजन अर्ध्या किलोच्या आसपास पोचायला हवं. ती तिघं चारशेच्या थोडी वर भरली. काळं भरलं २९० ग्रॅम.

आमच्याकडे कामाला असलेल्या ताईंनी बाटल्यांमध्ये कोमट पाणी भरून त्या टॉवेलात गुंडाळल्या. मे महिन्यात दुपारी आमच्या नळाला येणारं पाणी तसंही कढतच असतं. बाटल्या पिल्लाच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, अंगाला थेट चिकटवल्या नाहीत. फार घाईने शेकलं तर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात आणि आधीच कमी असलेला रक्तदाब आणखी कोसळतो, म्हणून हे काम सावकाश करावं लागतं. हिरड्या पांढुरक्या, बोट लावलं की चिकटत होत्या. कातडीची चिमटी घेऊन पाहण्याची पद्धत एवढ्या लहान पिल्लात फसवते. मी हिरड्या आणि लघवी पाहते. ओल्या कापसाने पुसल्यावर दोन थेंब आले, गडद पिवळे. या वयात मूत्रपिंडं अजून कच्ची असतात, लघवी दाट करणं त्यांना नीट जमत नाही, त्यामुळे ती पाण्यासारखी फिकी असायला हवी. इतक्या लहान पिल्लाची लघवी पिवळी दिसली म्हणजे पाणी बरंच कमी झालेलं असतं.

पायाची शीर मिळेना. मानेचीही मिटलेली. कातडीखाली सलाईन द्यावं तर गार पडलेल्या पिल्लात ते शोषलंच जात नाही, फुगवटा धरून तिथेच बसतं. मग एकच वाट उरली. खुब्याजवळची जागा औषधाने बधिर केली आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातून सुई सरळ मज्जेत घातली. शिरा मिटतात, हाड मिटत नाही. तिथून गेलेलं सलाईन काही क्षणांत रक्तात पोचतं. कोमट केलेलं पाच मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं सलाईन, हळूहळू आत सोडलं. रक्तातली साखर तळाला गेलेली होती, म्हणून पातळ केलेलं डेक्स्ट्रोजही दिलं.

नातू भिंतीला टेकून उभा होता. सिरिंज त्याने खिशात ठेवली होती.

सुई लागली, सलाईन थेंब थेंब चालू झालं, आणि मग मला विचारायला वेळ मिळाला. पिल्लांना जुलाब होत होते, आणि जुलाब म्हटले की या वयाच्या मांजरांत पहिली धास्ती फेलाइन पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची. अख्खीच्या अख्खी वेतं त्याने जातात. चाचणीची पट्टी लावली, ती नकारार्थी आली. उलटीही कुणाला नव्हती. मग आजींनी सगळं सांगितलं.

मांजर त्यांच्या घरची नव्हे, गल्लीतली. पिल्लं माळ्यावर घातली आणि पुढे पायरीखाली आणून ठेवली. पाच-सहा दिवसांपूर्वी ती गेली ती परत आलीच नाही. आजींनी गाईचं दूध पाणी घालून पाजलं. पिल्लं प्यायली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पातळ झालं. मग नातवाने दुकानातून पिल्लांसाठीचं कोरडं खाणं आणलं. दुकानदाराने सांगितलं, हे द्या आणि बाजूला पाण्याची वाटी ठेवा, बास. तिघांनी कोरडे दाणे खाल्ले, काळ्याने चाटून सोडले. पाण्याची वाटी तशीच भरलेली राहायची. जुलाबाने अंग माखलं म्हणून त्या दिवशी सकाळी नातवाने काळ्याला धुतलं आणि वाळावं म्हणून कूलरसमोर ठेवलं.

४४ अंशांत पिल्लू गार पडलं ते असं. ओलं अंग, रिकामं पोट, चरबी नाही, आणि समोर पाण्याने भिजलेल्या ताट्यांमधून येणारा वारा. पोरगं प्रेमानेच करत होतं. मी त्याला म्हटलं, पिल्लं घाण झाली तर कोमट ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची, कूलरच्या झोतात कधीच नाही.

पण माझं भांडण होतं ते दुकानातल्या त्या सल्ल्याशी, आणि ते आजही आहे. पाच आठवड्यांच्या पिल्लाला कोरडं खाणं आणि बाजूला पाणी, हे ऐकायला बरोबर वाटतं. पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर त्यात काहीच बरोबर नाही. जन्मल्यापासून ते आईच्या दुधावर आहे, आणि त्या दुधात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तहान आणि भूक त्याला वेगवेगळी लागलेलीच नाही. दोन्ही एकाच ठिकाणी भागत आली. कोरड्या दाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका दिवसात त्याच्या खाण्यातलं जवळजवळ सगळं पाणी काढून घ्यायचं आणि ते वाटीतून भरून काढ असं त्याला सांगायचं. वाटी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. त्यात मांजर मुळात कोरड्या मुलखातलं जनावर. आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली रानमांजरं. उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं, त्यावर त्यांचं बरंचसं भागायचं. मोठ्या मांजरालाही तहान उशिरा जाणवते, पिल्लाचं तर विचारूच नका.

चाटून पिणं हेसुद्धा शिकावं लागतं. पिल्लाला ओढून प्यायची सवय असते, म्हणून ते पहिल्यांदा सगळं नाक पाण्यात बुडवतं आणि शिंकत मागे होतं. मोठं मांजर पाणी कसं पितं हे २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपलं होतं. जिभेचं टोक मागे वळलेलं, त्याचा गुळगुळीत भाग पाण्याला फक्त टेकतो, जीभ वर उचलली की पाण्याची बारीक धार तिच्यामागे वर येते, आणि ती खाली पडायच्या आत मांजर तोंड मिटतं. सेकंदाला तीन-चार वेळा. पिल्लं बरंच काही आईकडे पाहून शिकतात. १९६९ सालच्या एका प्रयोगात अन्नासाठी दांडा दाबायला आईकडे पाहून पिल्लं सगळ्यांत लवकर शिकली, अनोळखी मांजरीकडे पाहून उशिरा, आणि कुणाकडेच न पाहिलेली शिकलीच नाहीत. मी आजींना विचारलं, ती मांजर पाणी कुठे प्यायची? "गच्चीवर. कूलरचं पानी सांडते ना, तिथं." पिल्लांनी गच्ची पाहिलेलीच नव्हती. त्यांनी आईला पाणी पिताना कधी बघितलंच नव्हतं.

पाच वाजता काळ्याचं तापमान ३६.८ झालं. त्याने पाय ओढून घेतला. सहाच्या सुमारास तोंड उघडलं, आवाज आला नाही, मग बारीक आला. आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, त्या उठून जवळ आल्या. तापमान ३७.५ च्या वर गेल्यावर मी नातवाला बोलावलं आणि म्हटलं, आता काढ तुझी सिरिंज. ती नवी नव्हती म्हणून दुसरी दिली. पिल्लू पोटावर, चारही पाय टेबलावर, मान सरळ. सिरिंजचं टोक तोंडाच्या कोपऱ्यातून आत, एक थेंब, ते गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. पोराचा हात सुरुवातीला थरथरत होता, मग स्थिर झाला. पिल्लांसाठीचं तयार दूध कोमट करून त्याने अर्ध्या तासात तीन मिली पाजलं. माझ्यापेक्षा त्याला धीर जास्त होता. बाकीच्या तिघांना कातडीखाली सलाईन पुरलं.

रात्री काळं दवाखान्यातच राहिलं. सकाळी कापसावर आलेली लघवी फिकी होती.

घरी पाठवताना मी पाण्याची वाटी हा विषयच काढला नाही. आधी खाणं ओलं करायचं. तेच दुकानातलं कोरडं खाणं, पण एक वाटी दाण्यांना तीन वाट्या कोमट पाणी, अर्धा तास भिजवून बोटाने कुस्करून पेजेइतकं पातळ. पसरट ताटलीत, कारण वाटीच्या काठावरून पिल्लाचं तोंड पोचत नाही. बोटाला लावून ओठांना टेकवायचं, नाक दाबून बुडवायचं नाही. एकदा नाकात गेलं की पिल्लू त्या ताटलीला भितं. आमच्या उन्हात असं भिजवलेलं तासाभरात आंबतं, उरलेलं टाकून द्यायचं आणि दिवसातून पाच-सहा वेळा ताजं करायचं. आजींनी विचारलं, कोंबडीचा रस्सा चालेल का. नुसत्या पाण्यात उकडलेल्या कोंबडीचं पाणी चालतं. कांदा-लसूण पडलेला थेंबही नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाईचं दूध बंद. त्यातली साखर पिल्लाला नीट पचत नाही, प्रथिनं मांजरीच्या दुधाच्या निम्म्याहूनही कमी, आणि पाणी घातलं की तीही उरत नाहीत. नातवाला वही करायला सांगितली. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, दिवसाला दहा ग्रॅम तरी वाढायला हवं. वजन थांबलं तर फोन.

पाण्याचं काम शेवटी तिरंगीने केलं. आजींच्या घरी माठाच्या तोटीखाली ठिबकणाऱ्या पाण्यासाठी मातीचं परळ ठेवलेलं असतं. पसरट, जड, पायाने उलटत नाही. तिरंगी त्या थेंबावर पंजा मारत बसायची, ओला पंजा चाटायची, पुन्हा मारायची. दोनेक दिवस असं चाललं आणि मग तिने पंजा सोडून थेट परळाला जीभ लावली. नातवाने फोनवर त्याची चित्रफीत पाठवली. तिच्यामागे एक पिवळं मान तिरपी करून बघत उभं आहे. संध्याकाळपर्यंत तेही प्यायलं, आणि दुसरं पिवळं त्याच्या मागोमाग. आई नव्हती तेव्हा बहिणीने शिकवलं. मी एवढंच सांगितलं की परळ रोज घासून कढत पाण्याने धुवा, मातीत बुळबुळीत थर लवकर धरतो. आणि तसंच एक पिल्लांच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून थोडं लांब.

परवा चौघांना घेऊन आजी आल्या होत्या. काळं ५२० ग्रॅम भरलं. भावंडांच्या मागे आहे, पण वहीतला आकडा रोज पुढे सरकतो आहे. परळाकडे ते अजून जात नाही. आजींना त्याचीच काळजी.

"हे काऊन पानी पेत नाही माय? ओढून नेऊ का परळापाशी?"

"नका नेऊ, आजी. त्याची लघवी पाहिली मी, पाण्यासारखी फिकी आहे. हिरड्या ओल्या आहेत. त्याला लागतं तेवढं पाणी त्याच्या ताटलीतून जातंय. वाटलं तर खाण्यात दोन चमचे जास्त घाला."

जंताचं औषध दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचं आहे, आठवा आठवडा भरला की पहिली लस. नातवाने दोन्ही तारखा वहीत लिहिल्या.

"दोन का तीन?" आजींनी दारातून विचारलं.

"तीन घाला."