पहाटेचे साडेपाच

बिलावर, कुरिअरच्या नोंदीत किंवा एखाद्या जुन्या फोटोखाली कधीतरी अचानक '१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०' असं उमटतं. त्या गुरुवारी पहाटे कुणी काही मागवलेलं नसतं. तारखेचा रकाना रिकामा राहिला आणि तिथे शून्य जाऊन बसलं, एवढंच. युनिक्स या संगणकप्रणालीचं घड्याळ त्या दिवसाच्या यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं, आणि तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजले होते. न्यूयॉर्कच्या संगणकावर तेच शून्य ३१ डिसेंबर १९६९ ची संध्याकाळ दाखवतं. पंचांगाला विचाराल तर आपल्याकडेही बुधवारच चालू होता. सूर्य कुठे उगवला होता?

२० जानेवारी १९७० दिसली, तर दुखणं वेगळं. हल्लीचा सेकंदांचा आकडा दहा अंकी, मिलिसेकंदांचा तेरा अंकी. उदाहरणार्थ, १७०००००००० सेकंद म्हणजे आपली १५ नोव्हेंबर २०२३, पहाटेचे ३:४३:२०. जावास्क्रिप्टला (वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेला) मिलिसेकंद लागतात. त्याला हा दहा अंकी आकडा तसाच दिला, की १९७० पासून वीस दिवससुद्धा पुरते सरत नाहीत.

सगळ्यात छळते ती जन्मतारीख. फॉर्मात १५ ऑगस्ट भरली. प्रोग्रामने न विचारता तिला रात्रीचे बारा चिकटवले, यूटीसीत साठवताना साडेपाच तास वजा केले. झाले १४ ऑगस्टचे १८:३०. पुढे कुणीतरी वेळ छाटून नुसती तारीख ठेवली, की वाढदिवस एक दिवस अलीकडे. न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिणाऱ्याला ही खोड सापडतच नाही, कारण तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच तारखेची पहाट असते. जन्मतारखेला टाइमझोन नसतो. तिला नुसत्या तारखेच्या रकान्यातच ठेवावं.

युनिक्सचे सेकंद एक्सेलमध्ये आणायचे तर आकड्यात आधी १९८०० मिळवा (साडेपाच तासांचे सेकंद), ८६४०० ने (एका दिवसाच्या सेकंदांनी) भागा, २५५६९ मिळवा आणि सेलचा फॉरमॅट तारखेचा करा, नाहीतर ४५२४५.१५५ असलं काहीतरी दिसत राहील. २५५६९ हा एक्सेलच्या हिशेबातला १ जानेवारी १९७० चा क्रमांक. त्यात एक दिवस फुकटचा आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष नसतानाही तसं धरलं होतं. त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनेही तीच री ओढली. सेलमध्ये ६० लिहून तारखेचा फॉरमॅट द्या: २९ फेब्रुवारी १९०० बिनदिक्कत हजर.