तुम्ही विचारलंत म्हणून: मग काम कधी करतेस?

लग्नात भेटलात की विचारता, विट्याच्या एसटीत शेजारी बसलात तरी विचारता. परवा सांगलीत विश्रामबागेत दळण आणायला गेले, तर गिरणीवाल्या काकूंनी डबा हातात देता देता तेच विचारलं. ‘‘गेल्या महिन्यात परदेशात, आता हिथं. मग बाई, तू काम कधी करतीस?’’

खरं सांगू का, मी फिरत असते तेव्हा बऱ्याचदा काम यंत्र करत असतं. माझं संशोधन मशीन लर्निंगमधलं, म्हणजे उदाहरणं दाखवून यंत्राला शिकवायचं, विषय बोली मराठी. माणूस बोलेल ते संगणकानं लिहून काढायचं. त्यासाठी मॉडेलपुढं, म्हणजे त्या शिकणाऱ्या प्रोग्रामपुढं, माणसांचे आवाज आणि त्यांचा मजकूर पुन्हा पुन्हा ठेवायचा, किती चुकलं ते मोजायचं, आतले कोट्यवधी आकडे किंचित हलवायचे, की परत पहिल्यापासून. चुकीच्या त्या मापाला लॉस म्हणतात. हे सगळं भाड्यानं घेतलेल्या जीपीयूवर, म्हणजे भराभर आकडेमोड करणाऱ्या चिपांवर, मी कधी न पाहिलेल्या कुठल्यातरी गार खोलीत, तीन-चार दिवस चालतं. तेवढ्यात मी सांगलीत असले काय नि आणखी कुठं असले काय, त्याला पत्ताही नसतो.

पण हळद शिजायला घातली की काहिलीजवळ कुणीतरी लागतंच. एकदा हनोईहून दानांगला रात्रीच्या रेल्वेनं निघाले होते, फोनला रेंज नव्हती. सकाळी बघते तर लॉसच्या जागी ‘नॅन’, म्हणजे हा आकडाच नव्हे. मॉडेल संध्याकाळीच बिघडलेलं, आणि भाड्याचं मीटर रात्रभर चालू. तेव्हापासून असं झालं की काम आपोआप थांबेल अशी सोय आधी करते, तिकीट नंतर काढते.

आमच्या आजीला मात्र हा प्रश्न कधी पडला नाही. आजोबा गलाईवाले. खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तसे ते कोइमतूरला. जत्रेला यायचे, परत जायचे. फरक इतकाच, की त्यांची भट्टी आणि मूस ते असतील तिथंच असायची, उठून कुठं जायची सोय नव्हती. माझी भट्टी भलतीकडं पेटलेली असते.

आता जे यंत्राला जमत नाही ते. आजी म्हणते, ‘‘मी बाजारला जातो.’’ आपल्याकडं बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. (मीसुद्धा लिहिताना ‘जाते’, घरात ‘जातो’.) माझं पहिलं मॉडेल ते ऐकायचं आणि बिनदिक्कत ‘जाते’ लिहायचं. ‘आलतो’चं ‘आलो होतो’. आवाज त्याला नीट ऐकू येत होता, पण शिकलं होतं ते छापील मराठीवर, त्यामुळं कानापेक्षा सवयीवर विश्वास जास्त. आणि मजा अशी की तपासणीचा मजकूरही तसलाच छापील, त्यामुळं गुण चांगले पडत होते. आजी चुकीची आणि मॉडेल बरोबर! हे मला कुठल्याही विमानतळावर सुचलं नसतं. आजीसमोर शेंगा सोलत बसले होते तेव्हा कळलं. विचार करायला मला एक जागा लागते, प्रवासात तो होत नाही. समुद्रकिनाऱ्यावर मांडीवर लॅपटॉप घेतलेल्या फोटोंवर विश्वास ठेवू नका, उन्हात स्क्रीनच दिसत नाही.

मग जायचं कशाला? मे २०२३मध्ये आयसीएलआर ही आमच्या क्षेत्रातली मोठी परिषद रवांडात, किगालीला भरली. तिथं गेले. कॉमन व्हॉइस नावाच्या खुल्या संग्रहात लोक आपापल्या भाषेतली वाक्यं बोलून देतात, त्यात मराठीही आहे. पण किन्यारवांडाचा साठा २००० तासांहून मोठा, मराठीपेक्षा कितीतरी पुढं. बोलणारे मात्र आपल्यापेक्षा खूप कमी. रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे मिळून गावकाम करतात, त्याला उमुगांडा म्हणतात. आवाज गोळा करणाऱ्यांनी आपल्या संस्थेचं नाव ठेवलं डिजिटल उमुगांडा. मला आपलं इर्जिक आठवलं. सगळ्यांनी बैल आणायचे, एकाचं रान नांगरून द्यायचं. परत आल्यावर आजीच्या गल्लीत तसंच केलं. बायका जमल्या, पोहे झाले, आवाज जमले. लिहून काढताना नियम एकच ठेवला: तोंडातून आलं तेच लिहायचं, सुधारायचं नाही.

पैशाचं लवकर सांगते. पगार पुण्याच्या कंपनीचा. परिषदेनं माझा शोधनिबंध स्वीकारला तर तिथं जायचा खर्च कंपनीचा, पुढचे हिंडायचे दिवस रजेचे आणि माझ्या खिशातले. पर्यटन व्हिसावर गुपचूप काम करण्याचा सल्ला मी देणार नाही, अनेक देशांत ते बेकायदा आहे. आणि दरवेळी जमतंच असं नाही. एका परिषदेचा व्हिसा परिषद संपल्यावर आला. तिथं संशोधन मांडायचं पोस्टर सहकाऱ्यानं लावलं, मी घरीच.

निबंध पाठवायची मुदत बहुधा ‘पृथ्वीवर कुठंही’ या वेळेनं असते. जगात सगळ्यात शेवटी जिथं दिवस मावळतो तिथली मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटं. गेल्या खेपेला ५ वाजून २१ मिनिटांनी पाठवला. आजी चहा घेऊन उभीच होती.

‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘मग आता कुठं निघालीस?’’