तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला आलेला घोडा खालच्या नंबरावर का टाकतात?

परवा डिचोलीत सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो, मोबाईलवर आदल्या रात्रीच्या रेसचा रिप्ले चालू होता आणि शेजारचे काका मान वाकवून बघत होते. रेस संपली तसे म्हणाले, अरे तो काळा घोडा तर सरळसरळ पहिला आला, मग पाटीवर दुसऱ्याचंच नाव कसं, पैसे खाल्ले काय कोणी? हाच प्रश्न भाचा विचारतो, फुटबॉलच्या ग्राउंडवरची पोरं विचारतात, पेडण्याचे पाहुणे आले की तेही विचारतात. दर वेळी माझं उत्तर अर्धवट राहतं कारण मध्येच कोणाचा तरी नंबर लागतो नाहीतर चहा येतो. म्हणून आज बसून लिहितोय.

मी सात वर्षं अमेरिकेत ओहायोत होतो, मावसभावाकडे गेलो आणि तिथेच रमलो, त्यातली पाच वर्षं संध्याकाळी एका हार्नेस रेसिंगच्या ट्रॅकवर कॅमेरा चालवायचं काम केलं. त्याआधी घोडा म्हणजे मला फक्त शिगम्यातली घोडेमोडणी, कमरेला लाकडी घोडा बांधून ढोल-ताशावर नाचणारी माणसं. खरा घोडा जवळून बघितला तो तिकडेच.

हार्नेस रेसिंगमध्ये घोड्यावर जॉकी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची अगदी हलकी गाडी असते, तिला सल्की म्हणतात, आणि तिच्यावर ड्रायव्हर बसतो, दोन्ही पाय पुढे रोवून, घोड्याच्या शेपटीला जवळजवळ नाक लावून. घोडे वेगळ्या जातीचे, स्टँडर्डब्रेड. आणि मुख्य गोष्ट म्हणजे घोड्याने चौखूर उधळायचं नाही. एक तर दुडकीने पळायचं, म्हणजे तिरप्या जोडीचे पाय एकदम, नाहीतर पेसने, म्हणजे एका बाजूचे पुढचा मागचा दोन्ही पाय एकदम, उंट चालतो ना तसं. पेसच्या बहुतेक घोड्यांच्या चारही पायांत हॉबल नावाचे पट्टे अडकवलेले असतात, चाल मोडू नये म्हणून. ह्या चालीतसुद्धा चांगला घोडा मैलभर अंतर १ मिनिट ५० सेकंदांत कापतो, म्हणजे ताशी जवळजवळ त्रेपन्न किलोमीटर, आणि असे आठ-नऊ जण चाकाला चाक लावून वळणावर येतात.

आता हे लक्षात घेतल्याशिवाय तक्रारीचा निकाल कळतच नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जॉकी घेऊन पळतात तसल्या घोड्याला शेजारच्याने धक्का दिला तर तो अडखळतो, घोड्याच्या अर्ध्या लांबीएवढा मागे पडतो आणि परत पळायला लागतो. इथे धक्का लागला की घोडा घाबरून चाल मोडतो आणि चौखूर उधळतो, मग नियमाप्रमाणे ड्रायव्हरला त्याला बाजूला काढून, लगाम खेचून परत चालीवर आणावं लागतं, तोवर अख्खी रेस पुढे निघून गेलेली असते. म्हणजे चूक टाचणीएवढी आणि नुकसान डोंगराएवढं. कधी कधी तर धडक होतच नाही. पुढचा ड्रायव्हर जागा नसताना आत घुसतो आणि त्याच्या सल्कीचं चाक मागच्या घोड्याच्या पुढच्या पायांखाली येतं, ह्याला तिकडे 'चाक खाली घालणं' असंच म्हणतात आणि रूलबुकातसुद्धा ते तसंच लिहिलंय. चाक पायाला लागलं नाही तरी घोडा त्याला बघून पाऊल चुकवतो.

मग तक्रार. ड्रायव्हरने केली तर ऑब्जेक्शन, जजनी स्वतःहून उघडली तर इन्क्वायरी. बोर्डावर ती पाटी पेटते, माईकवरून सांगतात तिकिटं फेकू नका, आणि वर खोलीत जज रिप्ले लावतात. ड्रायव्हर पॅडॉकमधून, म्हणजे घोडे तयार करतात त्या आवारातून, फोनवर बोलतात, ज्याचं नुकसान झालं तो आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, दोघेही. लोकांना वाटतं आत वाद घालून कोणीतरी जिंकतं. तसं नसतं. बोलणं दोन मिनिटांचं असतं आणि निकाल बहुतेक चित्रावर लागतो.

काकांना मी सलूनमध्ये सांगायचा प्रयत्न केला ते हेच, की जजसमोर दोन वेगळे प्रश्न असतात आणि आपण बाहेरून बघणारे ते एकच समजतो. पहिला प्रश्न, चूक कोणाची. दुसरा प्रश्न, ज्याला अडवलं त्याचं काय गेलं. पहिल्याचं उत्तर ड्रायव्हरला मिळतं, दंड होतो किंवा काही दिवस गाडी चालवायला बंदी होते. दुसऱ्याचं उत्तर घोड्याला मिळतं, म्हणजे नंबर खाली जातो. नंबर खाली जाणं ही शिक्षा नव्हे हो! ते नुकसान भरून द्यायचं काम आहे, जमेल तेवढं. म्हणून कधी कधी ड्रायव्हरची काहीच चूक नसते, घोडा स्वतःच आत ओढत जातो, तरी घोडा खाली टाकतात. आणि कधी ड्रायव्हरला बंदी होते पण नंबर तसेच राहतात, कारण ज्याला अडवलं तो तसाही दमलेला होता, त्याचा नंबर गेलाच नाही. फुटबॉलच्या पोरांना हे पटत नाही कारण तिथे बॉक्समध्ये पाडला की पेनल्टी, मग बॉल बाहेर जात असला तरी. इथे आधी विचारायचं, बॉल जात कुठे होता.

ते कसं ओळखतात हे मी कॅमेऱ्यामागे बसून शिकलो. माझा कॅमेरा समोरचा, हेड-ऑन, शेवटच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला टॉवरवर. समोरच्या कॅमेऱ्यात कोण किती आत किंवा बाहेर सरकला ते लख्ख दिसतं पण लांबून झूम केल्यामुळे पुढेमागे असलेले घोडे एकमेकांना चिकटलेले वाटतात, तीन लांब्यांचं अंतर असलं तरी वाटतं की आता आदळलेच. बाजूच्या कॅमेऱ्यात अंतर बरोबर कळतं पण आडवं सरकणं कळत नाही. म्हणून एकाच कॅमेऱ्याची क्लिप बघून कोणी सांगत असेल की बघा बघा कसा घातला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, दोन्ही चित्रं एकाच क्षणाला थांबवून शेजारी शेजारी ठेवावी लागतात. सुरुवातीला मी स्वतः टॉवरवर बसून दर रात्री तीन-चार फाऊल 'बघायचो' आणि जज त्यातला एखादाच धरायचे, मला खूप राग यायचा.

मग तिथल्या एका म्हाताऱ्या मोतद्दाराने मला शिकवलं की धक्का देणाऱ्याकडे बघूच नको, ज्याला बसला त्याच्या हातांकडे बघ. खरंच अडवलेला ड्रायव्हर लगाम खेचतो तेव्हा त्याचे कोपर पाठीच्या मागे जातात, लगाम काठीसारखे ताठ होतात, घोड्याची मान वर येते, तोंड उघडतं आणि पावलं आखूड पडतात. खोटं करणारा अंग मागे टाकतो, मान झटकतो, पण लगामाला झोळ असतो आणि घोड्याच्या पावलांत काही फरक नसतो. त्यानंतर मी कायम हातच बघितले. तुम्हीही रिप्ले बघाल तेव्हा हे करून बघा, दहातल्या आठ वेळा निकाल लागायच्या आधी तुम्हाला कळेल.

मोठं उदाहरण हवं असेल तर २०१७चं हॅम्बलटोनियन. ही दुडकीच्या तीन वर्षांच्या घोड्यांची अमेरिकेतली सगळ्यात मानाची रेस, १९२६ पासून चालू, बक्षीस दहा लाख डॉलर. व्हॉट द हिल पहिला आला. पण शेवटच्या पट्ट्यात त्याच्यामुळे गार्डियन एंजल एएस नावाच्या घोड्याची चाल मोडली, इन्क्वायरी लागली, व्हॉट द हिलला नवव्या नंबरावर टाकलं आणि परफेक्ट स्पिरिट विजेता ठरला. परफेक्ट स्पिरिटचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. लोक विचारतात मग त्याला फुकट का मिळालं. फुकट नाही मिळालं, तो दुसरा आला होता, स्वच्छ पळून आला होता, पुढची जागा रिकामी झाली तर तोच वर सरकणार ना. अडवणाऱ्याला अडवलेल्याच्या मागे ठेवायचं, मधले सगळे एकेक पायरी वर, हा हिशोब आहे, आणि अडवलेला जर पार मागे पडला असेल तर अडवणाऱ्यालाही तिथपर्यंत मागे जावं लागतं.

जॉकीच्या रेसमध्ये सगळीकडे असं नाही. २०१९ च्या केंटकी डर्बीत मॅक्सिमम सिक्युरिटीला पहिल्यावरून सतराव्यावर टाकलं आणि कंट्री हाऊस जिंकला, पण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानकडे नियम वेगळा आहे, तिथे जज विचारतात की अडवलं नसतं तर अडवलेला घोडा ह्या घोड्याच्या पुढे आला असता का, आणि उत्तर नाही असेल तर नंबर बदलत नाहीत. तो नियम वाईट नाही. पण हार्नेसमध्ये एका चाकाने अख्खी रेस संपते, तिथे मला अमेरिकेचीच पद्धत बरोबर वाटते.

आता मला ज्याबद्दल खरं सांगायचंय ते पहिल्या नंबराचं नाहीच, पाचव्याचं आहे. बक्षिसाचे पैसे साधारण पाच जणांत वाटतात, ५०, २५, १२, ८ आणि ५ टक्के. सहाव्याला काही नाही. सहा हजार डॉलरची साधी रेस असली तर पाचव्याला तीनशे डॉलर. ओहायोत रेसिंग फक्त मोठ्या ट्रॅकवर नाही, काउंटीच्या जत्रांतून होतं, आपल्या जत्रेसारखी खाजी-भज्यांऐवजी डोनट आणि मक्याची कणसं, आणि तिथून एकदोन घोडे घेऊन स्वतःच पाळणारे, स्वतःच चालवणारे लोक ट्रॅकवर येतात. तीनशे डॉलर म्हणजे त्यांचा चारा, नालबंदी आणि येण्याजाण्याचं डिझेल.

असाच एक जण होता, साठीचा असेल, बायको बादली धरून उभी असायची. एका रात्री शेवटच्या पट्ट्याच्या सुरुवातीलाच पुढचा घोडा त्याच्यावर आत आला, चाक खाली गेलं, ह्याचा घोडा उधळला. त्याने किती सफाईने परत चालीवर आणला ते मी टॉवरवरून बघत होतो, कोपर मागे, लगाम ताठ, सगळं खरं. तरी तो सहावा आला, पाचव्याच्या अर्धी लांबी मागे. अडवणारा चौथा. म्हणजे निकाल बरोबर लागला असता तर अडवणारा ह्याच्या मागे गेला असता, हा पाचवा झाला असता, तीनशे डॉलर मिळाले असते.

पण अमेरिकेतला जुना नियम असा आहे की ड्रायव्हरने तक्रार करायची असेल तर गाडीवरून उतरायच्या आधी इशारा करायचा आणि उतरल्यावर लगेच फोनकडे जायचं. नियमामागचं कारण मला समजतं, नाहीतर माणूस खाली उतरून, मालकाशी बोलून, बोर्ड बघून मग ठरवेल तक्रार करू की नको. हा माणूस परत येताना घोडा लंगडतोय असं वाटून थेट खाली उतरला आणि पुढच्या पायाशी बसला. घोड्याच्या पायाला बांधलेला बूट फाटला होता, आत रक्त होतं. त्याने पाण्याने पाय धुतला, बोटांनी चाचपून बघितला, आणि मग फोनकडे गेला. तोवर बोर्डावर ऑफिशियल लागलं होतं, म्हणजे निकाल पक्का झाला होता, तिकिटांचे पैसे वाटायला सुरुवात झाली होती.

माझ्याकडे ते चाक स्पष्ट रेकॉर्ड झालेलं होतं. मी रेडिओवर सांगितलं, तर उत्तर आलं की तुझं काम चित्र काढायचं. मी तेव्हा गप्प बसलो, ते मला आजही बरं वाटत नाही. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे, तक्रार येवो न येवो, ज्या ज्या घोड्याची चाल मोडली त्या प्रत्येकाचा रिप्ले जजनी ऑफिशियल लावायच्या आधी स्वतः बघायलाच हवा, मग तो घोडा पहिल्यासाठी भांडत असो की पाचव्यासाठी. एक मिनिट लागतं. अर्धं मिनिट समोरचा कॅमेरा, अर्धं मिनिट बाजूचा. कित्येक जज हे करतातही, मी बघितलंय, एकदा तर सातव्या आलेल्या घोड्यासाठी इन्क्वायरी उघडलेली बघितली आणि टॉवरवर एकट्याने टाळ्या वाजवल्या.

तर काका, त्या रात्रीच्या रेसमध्ये पैसे कोणी खाल्ले नव्हते. काळा घोडा वळण संपताना बाहेर सरकला आणि त्याच्या मागून येणाऱ्या, अंगावर तीन नंबर असलेल्या घोड्याची चाल मोडली, तो शेवटी चौथा आला. सलूनमध्ये तुमचा नंबर लागला म्हणून दाखवायचं राहिलं. पुढच्या वेळी भेटलो की रिप्ले तिथेच थांबवून दाखवतो, तीन नंबरवाल्याचे हात बघा.