बघायचे राहिलेले गाव

रविवार, रात्री साडेदहा

मामींना दुपारी विमानतळावर सोडून आलो, तरी त्यांचे काल रात्रीचे वाक्य अजून मनातून जात नाही. ताटात दहीभात कालवता कालवता त्या सहज म्हणाल्या, "सगळं बघितलं बाबा, पण तुमचं गाव तेवढं बघायचं राहिलंच की रे." कोणीच उत्तर दिले नाही. मी ताटे उचलून आत गेलो आणि नळ सोडून उगाचच बराच वेळ तिथे उभा राहिलो.

मग गेले तीन आठवडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या या कॅरी गावात मी त्यांना काय दाखवले? बालाजीच्या देवळात नेले, 2022 साली पूर्ण झालेल्या सत्त्याऐंशी फुटी गोपुरापुढे त्या मान वर करून कितीतरी वेळ उभ्या होत्या. 2023 मध्ये उघडलेल्या डाउनटाउनच्या नव्या बागेत नेले. कोका बूथ अँफिथिएटर या खुल्या रंगमंचाच्या तळ्याकाठी बसून हिवाळ्यात इथे लागणाऱ्या चिनी कंदिलांचे फोटो दाखवले. गावाचे संस्थापक फ्रँक पेज यांनी रेल्वेच्या उतारूंसाठी 1868 च्या सुमारास बांधलेले हॉटेल दाखवले, आणि गावाला कॅरी हे नाव दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या ओहायोच्या एका पुढाऱ्यावरून मिळाले, हेही सांगितले. ते ऐकून त्यांना बरे वाटले होते. हेमलॉक ब्लफ्सच्या लाकडी पायऱ्या त्या गुडघे धरून उतरल्या. डोंगरातली ही हेमलॉकची सूचिपर्णी झाडे हिमयुग सरल्यावर या एका थंड, उत्तराभिमुख कड्याला धरून इथेच कशी उरली, हे मी त्यांना तिथल्या बाकावर बसवून समजावले. हे सगळे पाहून झाल्यावर "गाव बघायचं राहिलं" असे त्यांनी म्हणावे, याचे मला काल फार वाईट वाटले. सुटी मी घेतली, गाडी मी चालवली, पाइनचे पिवळे पराग रोज सकाळी काचेवरून मी पुसले, आणि शेवटी पदरात हे. सतरा वर्षे या गावात काढलेल्या माणसाला स्वतःचे गाव दाखवता येऊ नये, असे कसे झाले, या विचाराने रात्री झोप लागली नाही. आईचेही शेवटच्या खेपेला असेच काहीसे झाले होते, पण ते आज नको.

पहाटे अंधारातच आठवले की हे वाक्य काल रात्री उगवलेले नाही. मागच्या गुरुवारी आम्ही ग्रीन लेव्हलच्या बाजूला गेलो होतो. नव्या घरांच्या रांगा संपतात तिथे रस्त्याकडेला लाकडाची एक उंच, अरुंद, जवळजवळ बिनखिडक्यांची इमारत आहे. तिचे पत्रे गंजलेले आहेत आणि एक बाजू वेलींनी खाल्ली आहे. मामी काच खाली करून म्हणाल्या, "ही तंबाखूची वखार व्हय रे?" मी वळूनही न पाहता म्हणालो, "छे, जुना गोठा असेल कुठला तरी." त्या गप्प बसल्या. पुढे आम्ही अमेरिकन टोबॅको ट्रेलवर अर्धा तास चाललो. त्या नावाचा अर्थ त्यांनी विचारला तेव्हा मी सांगितले, "काही नाही, सायकलींचा रस्ता आहे."

निपाणीच्या लेकीला मी हे सांगितले. जिच्या वडिलांची सगळी हयात तंबाखूत गेली, 1981 च्या शेतकरी आंदोलनात ज्यांनी महामार्गावर रात्री काढल्या आणि त्यानंतर ज्यांचे... असो. आपल्या आईच्या हातांचा चिकटा शिकेकाईनेही निघत नसे, हे मामींनी याच प्रवासात मला दोनदा सांगितले होते. ऐकताना मी मान डोलावली होती.

आज विमानतळावरून आलो तेव्हा शेजारचे वृद्ध गृहस्थ अंगणातली पाइनची सुकलेली पाने गोळा करत होते. इतक्या वर्षांत त्यांच्याशी हवापाणी आणि कचऱ्याचा वार यापलीकडे माझे बोलणे झाले नव्हते. गाडीतून उतरून मी सरळ त्यांच्याकडे गेलो आणि त्या इमारतीविषयी विचारले. त्यांनी फावडे झाडाला टेकवले आणि पाऊण तास बोलत राहिले. ती तंबाखू सुकवायचीच जागा. पाने काठ्यांना बांधून आत खालपासून आढ्यापर्यंत ओळीने टांगत, म्हणून ती इतकी उंच असते. खाली भट्टी पेटवून लोखंडी नळांतून उष्णता फिरवत आणि पाच-सहा दिवस आच कमीजास्त करत राहत, म्हणजे पान सोन्यासारखे पिवळे होई. रात्री जागून आच सांभाळायला माणूस लागे, आणि लहानपणी ते वडिलांबरोबर तिथेच निजत. हातांना काळा चिकटा बसे आणि तो दिवसेंदिवस निघत नसे, असे ते म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हेच वाक्य मी तीन आठवड्यांत दोनदा मराठीत ऐकले होते.

असा पिवळा तंबाखू पहिल्यांदा साधला तो याच राज्यातल्या कॅसवेल परगण्यात, 1839 साली, स्टीफन नावाच्या एका गुलाम तरुणाच्या हातून, असे इथे सांगतात. हे मी पूर्वी कुठेतरी वाचले होते. आमच्या रस्त्याशी त्याचा संबंध जोडावा, असे कधी मनात आले नव्हते. ज्या ट्रेलवर मी दर रविवारी सायकल चालवतो, ती डरहॅमच्या तंबाखूच्या कारखान्यांना जोडलेल्या जुन्या रेल्वेची वाट आहे. तिच्या नावातच सगळे आहे, आणि ते नाव मी शेकडो वेळा उच्चारले आहे. 1960 मध्ये या गावात 3,356 माणसे होती आणि 2020 मध्ये 1,74,721, हे आकडे मी प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतो, पण एवढी माणसे ज्यांच्या शेतांवर राहायला आली, ती शेते कशाची होती, हे मी कधी विचारले नाही. कोणी किती तंबाखू पिकवायचा हे ठरवणारी सरकारची कोट्याची पद्धत 2004 मध्ये मोडली, त्याआधीच आपल्या भावांनी जमीन विकून टाकली होती, एवढे सांगून शेजाऱ्यांनी फावडे पुन्हा उचलले. आमचे घर त्यातच आहे का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पुढच्या आठवड्यात विचारीन.

मामींवरचा राग आता उरलेला नाही. राग तरी तो कसला, दुखावलेपण होते. देऊळ, बाग, तळे पाहून त्या खरोखर आनंदल्या होत्या, त्यात खोटे काही नव्हते. पण निपाणीत पाहुणा आला की त्याला आधी ज्याने त्याने आपली शेते आणि वखार दाखवावी, त्या वर्षीचा माल कसा आहे हे सांगावे, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले आहे. जे ओळखीचे होते ते त्यांनी मला रस्त्यावर स्वतःच बोटाने दाखवले, आणि मी गाडी थांबवली नाही. मला याची लाज वाटते, आणि ती काही दिवस राहिली तर राहू दे.

सूर्य मावळायच्या आधी मी परत तिकडे जाऊन आलो. फळ्यांवर बोट फिरवले तर पराग हाताला आले. आत वाकून पाहिले, वरपर्यंत आडव्या बल्ल्या अजून जागच्या जागी आहेत. त्यांचा आणि बाहेरून सगळ्या इमारतीचा असे दोन फोटो काढले. मामींचे विमान अजून समुद्रावर आहे. उतरल्या की पहिल्यांदा त्या फोन उघडतील, म्हणून फोटो आत्ताच पाठवून ठेवले आहेत, आणि खाली लिहिले आहे: "मामी, तंबाखूचीच होती. तुम्ही बरोबर ओळखलंत."