सत्तर वर्षांचं पत्र

ह्यांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून बायबलमधलं एक वचन मला सगळ्यात जास्त लोकांनी पाठवलंय. यिर्मया, अध्याय 29, वचन 11. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव सांगतो ते. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी पाठवलं, नाशिकच्या नणंदेनं पाठवलं, ह्यांच्या कंपनीतल्या मित्राच्या बायकोनंही पाठवलं. सगळ्यांनी मायेनं पाठवलं आणि मला त्याचा आधारही वाटला. पण त्याच्या आधीचं दहावं वचन मात्र कुणीच पाठवत नाही. त्यात सत्तर वर्षं आहेत.

तो अख्खा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ. स. पूर्व 597 मध्ये बाबेलच्या म्हणजे बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमेतून राजाला, अधिकाऱ्यांना, लोहार-सुतारांना धरून बाबेलला नेलं. मागे राहिलेल्या यिर्मयानं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्यानं, त्यांना हे पत्र धाडलं. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं पीक खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि मग, सत्तर वर्षांनी मी तुम्हाला परत आणीन. म्हणजे पत्र हातात घेऊन वाचणाऱ्या बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणारच नव्हतं.

एक अध्याय मागे, अठ्ठाविसाव्यात, हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, दोनच वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून तो मोडून टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! आणि यिर्मया त्याला सांगतो, परमेश्वरानं तुला पाठवलेलं नाही.

आमच्याकडेही असे एक प्रचारक आले होते. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी जाहीर केलं, नाताळापर्यंत मशीन सुटणार, फक्त विश्वास कमी पडू देऊ नका. नाताळ आला आणि गेला. त्यानंतर हे कितीतरी दिवस गप्प गप्प असायचे. आपलाच विश्वास कमी पडला, असं एका आजारी माणसाला वाटायला लावणं याचा मला अजूनही राग येतो. देव बरं करू शकतो यावर माझा विश्वास आहे आणि मी रोज ते मागते. पण देवाच्या नावानं तारीख देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मुदत मनातून काढून टाकल्यावर आम्ही खऱ्या अर्थानं जगायला लागलो. ह्यांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. धमनी आणि शीर जोडून केलेला. त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, त्यातून तपासणीचं रक्त काढू द्यायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. रात्री दिवा मालवण्याआधी मी तिथे बोटं ठेवते. कातडीखाली सतत थरथर जाणवते, मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवावा तशी. थरथर आहे म्हणजे रक्त वाहतंय. ती लागली की तिथेच हात ठेवून आम्ही प्रार्थना करतो. स्वयंपाकघरही बदललं. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. शहाळं, केळी बंद. पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचं. फार तहान लागली तर लिंबाची फोड चोखायची. बाबेलमध्ये मळे लावणं म्हणजे माझ्यासाठी हेच.

आणि त्या नगराचं भलं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास आम्ही डायलिसिसच्या वॉर्डात असतो. सुरुवातीला मी तिथे फक्त ह्यांच्या पलंगाकडे बघायचे, प्रार्थनाही एकच: आम्हाला इथून सोडव. पत्रातलं सातवं वचन नीट वाचल्यावर शेजारचे पलंग दिसायला लागले. सासवडहून पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या आजी. धनकवडीचे रिक्षावाले काका, जे डायलिसिस नसलेल्या दिवशी अजून रिक्षा चालवतात. सुई टोचताना प्रत्येकाशी हळू आवाजात बोलत राहणारा टेक्निशियन मुलगा. आजींना महात्मा फुले योजनेचे कागद जमत नव्हते, तर हे स्वतः मशीनवर असताना उजव्या हातानं त्यांची यादी करून देत होते. आता आजी आमच्यासाठी जेजुरीच्या खंडोबाला साकडं घालतात, मी त्यांच्यासाठी येशूच्या नावानं मागते.

मंदिर यरुशलेमेत होतं आणि माणसं बाबेलमध्ये. तरी पत्रात देव म्हणतो, तुम्ही मला हाक माराल आणि मी ऐकेन. तिथूनच, परक्या नगरातूनच. माझा सगळा धीर आता या वाक्यावर उभा आहे.

आमच्या घरात पंडिता रमाबाईंचं नाव रोजचं, कारण माझ्या सासूबाईंची आजी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या मुलींपैकी एक. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेले, नवरा 1882 मध्ये कॉलऱ्यानं गेला, आणि म्हातारपणी, 1921 मध्ये, एकुलती एक मनोरमाही गेली. त्या बाईनं केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, फळझाडं लावली, शेकडो मुलींना पोटाशी घेतलं. मनोरमेनंतरही बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 ला, त्या गेल्या. लोक त्यांना मोठी विदुषी म्हणतात, ते खरंच आहे. मला मात्र त्या विहिरी जास्त आठवतात. दुःख भोगलेल्या माणसानं दुसऱ्यांसाठी पाणी काढायचं, याला काय म्हणावं!

धाकटीचं लग्न आम्ही पुढे ढकलत होतो. बाबा बरे झाले की करू, असं तीच म्हणायची. मग एका रात्री ह्यांनीच पत्रातलं सहावं वचन तिला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बाळा, बरा होण्याची वाट बघून लग्न करा, असं इथे कुठे लिहिलंय?" दोघंही रडली. दुसऱ्या दिवशी तिनं मुलाच्या घरी फोन केला.

लग्न ईस्टरनंतर ठरलंय, गुरुवार पेठेत, शनिवारी. शुक्रवारी ह्यांचं डायलिसिस असतं, त्यामुळे शनिवारी अंगात जरा ताकद असते. पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय की उपासना लांबवू नका. मुलीला वेदीपर्यंत ह्यांनाच घेऊन जायचंय, आणि तेही उजव्या हातानं, कारण डावा हात कुणी धरायचा नाही.